बातम्यांमधला ‘तळीराम’ आला कुठून? तो लिहिणारे गडकरी मात्र नाटकाचा पहिला प्रयोगही बघू शकले नाहीत

शनिवारची संध्याकाळ. जुन्या मुंबई-पुणे हायवेवरून कार्ला फाट्याला गाड्या आत वळत असतात. कुणी एकवीरा आईच्या दर्शनाला आलेलं असतं, कुणी लेणी बघायला, तर कुणी सहा-आठ जणांत मिळून बंगला बुक केलेला असतो. डिकीत चिप्सची पाकिटं, बर्फाची पिशवी आणि बाटल्या. त्या ग्रुपमध्ये एक जण असा असतो जो पीत नाही. ऑफिसमध्ये बॉसने झापलेलं असतं किंवा ब्रेकअप झालेलं असतं, त्यामुळे तो कोपऱ्यात गप्प बसलेला असतो.

आणि मग दुसरा एक जण ग्लास भरून त्याच्यासमोर धरतो. म्हणतो, एकच घे, बरं वाटेल.

हा दुसरा माणूस तुमच्याही ग्रुपमध्ये असेल. आता गंमत बघा, या माणसाला मराठीत एक नाव आहे आणि ते आपण रोज वापरतो. थर्टी फर्स्टच्या आसपास कुठलाही पेपर उघडा, तळीरामांवर कारवाई, तळीरामांची धरपकड, अशा बातम्या दिसतातच. तळीराम म्हणजे दारुडा, हे आपल्याला माहीत असतं. पण तळीराम हे एका नाटकातल्या पात्राचं नाव आहे, आणि त्याचं नाटकातलं सगळ्यात मोठं काम स्वतः पिणं हे नसून दुसऱ्याला पहिला प्याला देणं हे आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

ते नाटक म्हणजे ‘एकच प्याला’ आणि लिहिणारे राम गणेश गडकरी.

नव्या पिढीला गडकरी हे नाव दोन कारणांनी माहीत असतं. एक म्हणजे ठाण्यातलं गडकरी रंगायतन. दुसरं म्हणजे जानेवारी २०१७ मधली बातमी. ‘राजसंन्यास’ या त्यांच्या अपूर्ण नाटकातल्या संभाजी महाराजांच्या चित्रणावर आक्षेप होता आणि त्यावरून पुण्याच्या संभाजी उद्यानातला त्यांचा पुतळा काढून मुठा नदीत टाकण्यात आला होता. त्या वादात दोन्ही बाजूंनी भरपूर बोललं गेलं. पण गडकरी नावाचा माणूस जगला कसा आणि त्याने दारूवर असं काय लिहिलं की शंभर वर्षांनंतरही त्यातलं पात्र पेपरच्या हेडलाईनमध्ये जिवंत आहे, हे मात्र त्यात राहूनच गेलं.

तर ती गोष्ट सुरू होते गुजरातमध्ये.

बारा वर्षांपर्यंत धड मराठी न येणारा मुलगा

२६ मे १८८५ ला नवसारीत राम गडकरींचा जन्म झाला. घर मराठी, चांद्रसेनीय कायस्थ प्रभू म्हणजे सीकेपी समाजातलं. कार्ल्याची एकवीरा ही आगरी-कोळ्यांसोबत ज्या समाजातल्या अनेक घराण्यांची कुलदेवी आहे, तोच हा समाज. पण रामचं लहानपण गेलं गुजराती मुलखात. घराबाहेर पडलं की कानावर गुजराती. असं सांगतात की वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत त्यांना एक वाक्यही बिनचूक मराठीत बोलता येत नव्हतं.

पुढे ज्यांच्या मराठीवर लोक फिदा झाले, ज्यांच्या संवादांची पल्लेदार वाक्यं पाठ करून पोरं स्पर्धा जिंकायला लागली, त्या माणसाची ही सुरुवात आहे.

१८९३ मध्ये वडील गेले, तेव्हा राम आठ वर्षांचा होता. त्यानंतर थोड्याच दिवसांत धाकटा भाऊही गेला. घरात गरिबी आली आणि शिक्षण रखडत गेलं. पुण्यात येऊन ते मॅट्रिक झाले तेव्हा वय झालं होतं १९. मग फर्ग्युसन कॉलेजात नाव घातलं, पण पहिल्याच वर्षी गणिताने घात केला. नापास झाले आणि कॉलेज सुटलं.

म्हणजे विशीत हातात काय होतं? डिग्री नाही, पैसा नाही, डोक्यावर वडिलांचं छत्र नाही. आजच्या भाषेत सांगायचं तर करिअर सुरू होण्याआधीच गंडलं होतं.

नाटक कंपनीतले मास्तर

१९०६ च्या सुमारास गडकरी किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले. काम काय? तर कंपनीतल्या पोरांना शिकवायचं. त्या काळी नाटक कंपनी म्हणजे फिरतं गाव असायचं. आज या शहरात तर महिन्याने त्या शहरात मुक्काम. स्वयंपाकी, वादक, पडदे रंगवणारे, मोठे नट आणि त्यांच्यासोबत लहान वयात घर सोडून आलेली मुलं. या मुलांना लिहाय-वाचायला शिकवायचं आणि त्यांची भाषा स्वच्छ करायची, हे मास्तरांचं काम.

मास्तर शिकवत होते, पण खरं शिकत होते ते स्वतः. विंगेत उभं राहून कुठल्या वाक्याला टाळी पडते, कुठे प्रेक्षक चुळबुळ करतो, कुठे बायका पदराने डोळे पुसतात, हे त्यांनी रोज पाहिलं. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांना त्यांनी गुरू मानलं. कालिदास, भवभूती, ज्ञानेश्वर, मोरोपंत, केशवसुत असं सगळं वाचून काढलं. ‘ज्ञानप्रकाश’ या वर्तमानपत्रातही काही काळ काम केलं.

आणि मग जे सुटले ते थांबलेच नाहीत. कवितेसाठी त्यांनी गोविंदाग्रज हे नाव घेतलं आणि विनोदी लेखांसाठी बाळकराम. नाटकं स्वतःच्या नावाने. ‘प्रेमसंन्यास’ आलं आणि नाव झालं. १९१६ मध्ये ‘पुण्यप्रभाव’ आलं आणि नाव पक्कं झालं. घरचं आयुष्य मात्र सरळ नव्हतं. पहिलं लग्न टिकलं नाही, दुसऱ्या लग्नातही संसारसुख असं फारसं लाभलं नाही, आणि तब्येत कायमच तोळामासा.

या सगळ्यातून १९१७ च्या सुमारास त्यांनी ‘एकच प्याला’ लिहायला घेतलं.

दारूवर नाटक लिहिणं नवीन नव्हतं

इथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. दारूवर लिहिणारे गडकरी काही पहिले नव्हते. त्यांचे गुरू कोल्हटकर यांनी ‘मूकनायक’ मध्ये दारूचा विषय घेतला होता. खाडिलकरांच्या ‘विद्याहरण’ मध्ये तर साक्षात शुक्राचार्य दारूपायी फसतात.

बाहेरही वातावरण तापलेलं होतं. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर दारू गाळणं आणि विकणं सरकारच्या ताब्यात गेलं होतं आणि दारूच्या करातून इंग्रज सरकारची तिजोरी भरत होती. त्यामुळे दारूबंदी हा फक्त सज्जनपणाचा मुद्दा राहिला नव्हता, तो राजकारणाचा मुद्दा झाला होता. १९०८ मध्ये पुण्यात टिळकांच्या पुढाकाराने दारूच्या दुकानांसमोर स्वयंसेवक उभे राहिले होते आणि गिऱ्हाइकांना परत पाठवत होते.

म्हणजे दारू वाईट असते हे सांगायला नाटकाची गरजच नव्हती. ते सगळेच सांगत होते.

गडकऱ्यांनी प्रश्न वेगळा घेतला. त्यांनी विचारलं, की शिकलेला, हुशार, बायकोवर प्रेम करणारा, ज्याला दारू वाईट आहे हे पक्कं माहीत आहे, असा माणूस पहिला प्याला उचलतो तो नेमका कुठल्या क्षणी?

तो क्षण

सुधाकर हा नाटकाचा नायक. अनाथ, गरिबीतून वर आलेला, स्वतःच्या बुद्धीवर वकील झालेला. बायको सिंधू श्रीमंत घरातली, पण जिवाला जीव देणारी. त्यांना छोटं बाळ आहे, रामलालसारखा सज्जन मित्र आहे. या माणसाकडे दारूकडे वळायला तसं काही कारण नाही.

पण त्याच्यात एक खोट आहे. तो मानी आहे, आणि राग आला की पुढचा-मागचा विचार न करता बोलून मोकळा होतो.

एके दिवशी कोर्टात नवा मुन्सफ त्याचा अपमान करतो. सुधाकरचा तोल जातो. तो तिथल्या तिथे असं काही बोलून बसतो की सहा महिन्यांसाठी त्याची सनद जाते. म्हणजे वकिली बंद. भर कोर्टात, ज्यांच्यावर आजवर हुशारीने मात केली त्या सगळ्यांच्या समोर.

तो घरी येतो तेव्हा नुसता जळत असतो. झोप नाही, चैन नाही. आणि नेमका त्या वेळी तिथे असतो तळीराम. पक्का पिणारा. तो काही सैतान नाही. त्याला सुधाकरचं वाटोळं करायचंय असंही नाही. त्याच्याकडे सगळ्या दुःखांवर एकच औषध आहे आणि ते तो मोठ्या मनाने देऊ करतो. फक्त एक प्याला. आजच्यापुरता.

सुधाकर तो घेतो. कोर्टात बोलताना जो विचार केला नव्हता, तो इथेही करत नाही. नीट बघितलं तर या दोन वेगवेगळ्या चुका नाहीत. जीव जळत असताना ताबडतोब काहीतरी करून मोकळं व्हायची तीच सवय आहे, पहिल्यांदा ती जिभेवाटे बाहेर आली आणि दुसऱ्यांदा हाताने ग्लास उचलून.

पुढचं सगळं उतरणीला लागलेल्या गाडीसारखं आहे. तळीरामाने पिणाऱ्यांचं एक मंडळ काढलेलं असतं, आर्य मदिरा मंडळ नावाचं. आज व्हॉट्सॲपवर दारूच्या प्लॅनिंगसाठी ग्रुप असतो ना, तसं. त्यातले प्रसंग इतके विनोदी आहेत की प्रेक्षक पोट धरून हसतात. गडकऱ्यांची ही चाल बघण्यासारखी आहे. आधी दारूवर हसवायचं, प्रेक्षकालाही त्या मैफलीत बसवायचं, आणि मग त्याच मैफलीतल्या माणसाच्या घरी न्यायचं.

सुधाकरच्या घरी सिंधू माहेरची मदत नाकारून लोकांची दळणं दळत असते. दागिने गेलेले असतात, घर रिकामं झालेलं असतं. मध्ये एकदा सुधाकर खरोखर दारू सोडतो. शुद्धीवर येतो, कामासाठी दारोदार फिरतो. आणि तिथे पुन्हा अपमान होतो. पुन्हा तोच जुना जाळ आणि पुन्हा प्याला. शेवटी नशेत त्याच्या हातून स्वतःचं बाळ जातं, सिंधू जाते. मरतानाही ती पोलिसांसमोर नवऱ्याचं नाव घेत नाही. आणि सुधाकर दारूतच विष घालून पितो.

तळीरामही वाचत नाही. दारूनेच मरतो.

पण एक जण वाचतो, तो भगीरथ. हा तरुण प्रेमभंगातून दारूकडे वळलेला असतो. त्याला रामलाल भेटतो. रामलाल त्याला नुसतं भाषण देत नाही, तर त्याच्या रिकाम्या आयुष्यात काम भरतो, दुसऱ्यांसाठी काहीतरी करण्याचं काम. भगीरथ सुटतो.

सुधाकर आणि भगीरथ, दोघांचीही सुरुवात दुखावलेल्या मनातून झाली. भगीरथला वेळेत दुसरा रस्ता सापडला आणि सुधाकर दुसऱ्या अपमानापर्यंत तसाच उरला, हा दोघांमधला फरक गडकऱ्यांनी एका शब्दाचाही उपदेश न वाटता दाखवून दिला.

विज्ञानाला हे कळायला पुढची ८० वर्षं लागली

आता तुम्ही म्हणाल, नाटकात काय, लेखकाला हवं तसं घडतं. तर जरा आजच्या मानसशास्त्राकडे येऊ.

आपण सरसकट म्हणतो, अमका फार आततायी आहे. २००१ मध्ये स्टीफन व्हाइटसाइड आणि डोनाल्ड लायनम या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की हा आततायीपणा एकाच प्रकारचा नसतो. काही लोक आधी विचारच करत नाहीत. काही जण हातात घेतलेलं तडीस नेत नाहीत. काहींना थरार हवा असतो, नवीन काहीतरी, जोरदार. आणि चौथा प्रकार असा, की एरवी माणूस शहाण्यासारखा वागतो, पण मन दुखावलं, अपमान झाला, राग आला की त्याला आत्ताच्या आत्ता काहीतरी करून टाकल्याशिवाय राहवत नाही.

त्यानंतर तरुणांवर झालेल्या अनेक अभ्यासांमधून एक गोष्ट पुन्हा पुन्हा पुढे आली. थरार आवडणारे तरुण दारूकडे वळतात, जास्तही पितात. पण दारूमुळे आयुष्यात खरे प्रॉब्लेम होण्याशी, म्हणजे भांडणं, अपघात, नोकरी जाणं, सोडता न येणं याच्याशी सगळ्यात घट्ट नातं दिसतं ते या चौथ्या प्रकाराचं. मजेसाठी पिणाऱ्यापेक्षा जळत्या मनावर ओतण्यासाठी पिणारा जास्त धोक्यात असतो.

हा चौथा प्रकार म्हणजे सुधाकर.

यात वयाचाही भाग आहे. कपाळामागे मेंदूचा जो भाग असतो, त्याचं काम थांब, विचार कर, परिणाम बघ, असं सांगण्याचं. मेंदूतला हा ब्रेक सगळ्यात शेवटी तयार होतो, साधारण पंचविशीपर्यंत त्याचं काम चालू असतं. भावनांचं इंजिन मात्र त्याच्या बरंच आधी फुल स्पीडला आलेलं असतं. त्यात दारू पहिला हल्ला करते तो या ब्रेकवरच. म्हणजे आधीच कच्चा असलेला ब्रेक दारूने आणखी ढिला होतो. म्हणून पहिल्या ग्लासचा निर्णय निदान तुम्ही घेतलेला असतो. तिसऱ्या ग्लासचा निर्णय घेणारा माणूस तुम्ही राहिलेलाच नसता.

एकच प्याला हे नाव इथे अंगावर येतं. कारण एकच, हा शब्द खरा ठरवण्याची ताकद ज्या भागात असते तोच भाग पहिल्या प्याल्याने झोपी जातो.

पहिला प्रयोग आणि रिकामी खुर्ची

नाटक लिहून झालं, पण गडकऱ्यांची तब्येत ढासळत चालली होती. क्षयाने त्यांना पोखरलं होतं. त्या काळी क्षयावर औषध नव्हतं. हवापालट, विश्रांती आणि नशीब, एवढंच. शेवटी ते नागपूरजवळच्या सावनेरला भावाकडे गेले.

तिथे अंथरुणावर पडून त्यांचं ‘भावबंधन’ हे नाटक चालू होतं. ते कसंबसं पूर्ण झालं आणि २३ जानेवारी १९१९ ला गडकरी गेले. असं सांगतात की नाटकाचा शेवट हातावेगळा केल्यावर लगेचच त्यांनी प्राण सोडला. वय होतं ३३.

बरोबर २८ दिवसांनी, २० फेब्रुवारी १९१९ ला, बडोद्यात गंधर्व नाटक मंडळीने ‘एकच प्याला’ चा पहिला प्रयोग केला. सुधाकर झाले गणपतराव बोडस. सिंधू झाले बालगंधर्व. नाटकातली पदं विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी लिहिली होती.

आता बालगंधर्व म्हणजे त्या काळातली फॅशनच. त्यांनी नेसलेला शालू, त्यांनी घातलेले दागिने पाहून घरोघरच्या बायका तसं करून घ्यायच्या. पण सिंधू म्हणून त्यांना उभं राहायचं होतं ते फाटकं, ठिगळं लावलेलं लुगडं नेसून. अंगावर दागिना नाही. ज्यांना मखमलीत बघायची सवय, त्यांना अशा अवस्थेत बघून प्रेक्षक हादरले. त्या फाटक्या लुगड्याने जे सांगितलं ते दारूबंदीच्या शंभर भाषणांनी सांगितलं नसतं.

नाटक तुफान चाललं. नंतर समीक्षकांनी त्यावर टीकाही केली आणि ती चुकीची नाही. सिंधू एवढं सगळं मुकाट्याने का सोसते, नवऱ्याने जीव घेतला तरी त्याला का पाठीशी घालते, हा प्रश्न आजची कुठलीही मुलगी विचारेल आणि तिने तो विचारलाच पाहिजे. घरात मार खाणाऱ्या बाईने गप्प बसावं, असा या नाटकातून अर्थ काढायचा नाही. पण सुधाकर मात्र जराही जुना झालेला नाही.

आणि हे सगळं बघायला लेखक नव्हता. टाळ्या, रडणारे प्रेक्षक, वर्षानुवर्षं चाललेले प्रयोग, मराठीत कायमचा घुसलेला तळीराम, यातलं काहीच गडकऱ्यांना दिसलं नाही. हातात मिळाली जेमतेम दहा-बारा वर्षं. त्यांच्या कवितांचा ‘वाग्वैजयंती’ हा संग्रहसुद्धा ते गेल्यावर, १९२१ मध्ये छापला गेला.

परत कार्ल्याला येऊ

कार्ल्याच्या डोंगरावर दोन हजार वर्षांपूर्वी खोदलेलं चैत्यगृह आहे. तिथे जे भिक्खू राहायचे, त्यांच्या धर्मात पाच शीलं सांगितलेली आहेत. हिंसा नको, चोरी नको, व्यभिचार नको, खोटं बोलणं नको आणि पाचवं, मद्य नको. पाचवं शील वेगळं आहे. पहिल्या चारांमध्ये दुसऱ्याचं थेट नुकसान आहे. पाचव्यात वरवर बघता तसं काही नाही. मग ते कशाला? तर मद्याने माणूस बेसावध होतो, आणि बेसावध माणसाकडून आधीची चारही मोडली जातात, म्हणून. म्हणजे ब्रेक सांभाळा, हीच गोष्ट. फक्त मेंदूचे फोटो काढायचं मशीन तेव्हा नव्हतं.

आज त्याच डोंगराच्या पायथ्याशी आणि पलीकडे लोणावळ्यात वीकेंडला काय चालतं हे वेगळं सांगायला नको. पावसाळ्यात भुशी धरण आणि धबधब्यांच्या परिसरात दारू आणायला, प्यायला बंदी घालणारे आदेश प्रशासनाला काढावे लागतात. ओला दगड, जोराचं पाणी आणि ढिला ब्रेक हे कॉम्बिनेशन जीव घेतं, हे इथल्या गावातल्या लोकांना पक्कं माहीत आहे. कारण पाण्यात उतरून माणूस शोधायची वेळ आली की आधी धावतात ती स्थानिक पोरंच.

रस्त्याचंही तेच. १९ मे २०२४ ला पुण्यात कल्याणीनगरमध्ये भरधाव पोर्शे गाडीच्या धडकेत दोन तरुण इंजिनिअर गेले. गाडी १७ वर्षांचा मुलगा चालवत होता आणि तो त्याआधी दारू प्यायला होता, असं पोलिसांचं म्हणणं आहे. महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ वर्षं ही वयाची अट आहे, हे त्या निमित्ताने अनेकांना पहिल्यांदा कळलं. गाडी चालवताना १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत जेल, १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय की आरोग्यासाठी सुरक्षित असं दारूचं कुठलंही प्रमाण नाही. दारूमुळे होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण सगळ्यात जास्त दिसतं ते २० ते ३९ या वयात.

म्हणजे सुधाकरच्या वयात. आणि गडकरी गेले त्याच वयात.

सुधाकरला जे मिळालं नाही ते आज मिळू शकतं, ही मात्र चांगली गोष्ट आहे. १९१९ मध्ये दारुडा म्हणजे वाईट माणूस, एवढंच समीकरण होतं. आज त्याला आजार मानतात आणि त्यावर उपचार होतात. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभा मराठीतूनही होतात, तिथे नाव विचारत नाहीत आणि पैसेही लागत नाहीत. केंद्र सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे, फोन फुकट लागतो. स्वतःसाठी लावा किंवा घरातल्या कुणासाठी लावा.

पण हे सगळं पुढचं झालं. गडकऱ्यांच्या नाटकातून उचलायची गोष्ट त्याच्याही आधीची आहे.

अपमान झाला, ब्रेकअप झालं, रिझल्ट गंडला, नोकरी गेली, त्या रात्री दारू प्यायची नाही. एवढा एकच नियम. ज्या दिवशी खूप प्यावंसं वाटतंय, नेमका तोच दिवस सगळ्यात धोक्याचा आहे हे लक्षात ठेवायचं. त्या रात्री कुणाला तरी फोन करा, चालून या, झोपा. जळणारं मन सकाळी तेवढं जळत नाही.

आणि तुम्ही जर ग्लास भरून देणारे असाल, तर पुढच्या वेळी बंगल्यावर कुणी मित्र कोपऱ्यात गप्प बसलेला दिसला की ग्लास खाली ठेवा आणि त्याच्या शेजारी जाऊन बसा. काय झालंय ते विचारा. तळीराम व्हायचं की रामलाल, हे त्या वेळी तुमच्या हातात असतं.